परतीची गाडी कोण देणार? नागपूरच्या एका क्रीडा वार्ताहराचं प्रकरण

एका मराठी दैनिकाच्या नागपूर आवृत्तीतलं हे प्रकरण आहे. त्या आवृत्तीच्या क्रीडा विभागात तोवर एकही बाई नव्हती. जी पहिली आली, तिने काही वर्षांनी शहराबाहेरच्या जामठा स्टेडियमवरचा क्रिकेटचा दिवस-रात्रीचा सामना मैदानावर बसून लिहायची परवानगी मागितली. खेळ कळतो की नाही, यावर कुणी तिला अडवलं नाही. अडवलं ते रात्री घरी परत कशी येणार, या प्रश्नाने.

दैनिकाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून इथेही ताईच. माहिती त्यांच्याकडून, तेव्हाच्या निवासी संपादकांकडून आणि क्रीडा पानावरच्या दोन सहकाऱ्यांकडून घेतली. काही ठिकाणी चौघांच्या आठवणी जुळत नाहीत, तिथे तसं नमूद केलं आहे.

पार्श्वभूमी

ताई महालातल्या. शाळेपासून खो-खो खेळल्या, पुढे विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेलाही गेल्या. घरात क्रिकेट आलं ते रेडिओवरून. वडील बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत मोठे झालेले. रेडिओ ऐकता ऐकता वहीत धावफलक मांडायची त्यांची सवय मुलीने उचलली. पत्रकारितेची पदवी घेऊन २००१च्या सुमारास ताई उपसंपादक म्हणून लागल्या आणि जागा रिकामी होती म्हणून क्रीडा पानावर बसवल्या गेल्या. संपादकांना वाटलं, सहा महिन्यांत कंटाळून फीचर विभाग मागतील.

मागितला नाही. पहिली काही वर्षं काम ठरलेलं होतं. पीटीआय या वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्या मराठीत करायच्या, शाळांच्या प्रेस नोटमधून निकाल काढायचे, पान लावणाऱ्या ऑपरेटरशेजारी बसून धावफलक तपासायचे. मैदानावर जायचे ते पुरुष वार्ताहर.

नागपूरला बायका आणि क्रिकेट ही जोडी नवी होती, असंही नाही. सी. के. नायडूंचा जन्म या शहरातला, १८९५चा. त्यांची मुलगी चंद्रा नायडू यांनी १९७७ साली इंदूरला मुंबई विरुद्ध एमसीसी (या नावाने दौऱ्यावर आलेला इंग्लंडचा संघ) सामन्याचं समालोचन केलं. देशातल्या पहिल्या महिला समालोचक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. मुंबई-दिल्लीच्या इंग्रजी पत्रकारितेत शारदा उग्रा यांच्यासारख्या पत्रकारांचा दबदबा होता. म्हणजे पायंडा पडलेला होता. पण एक बाई पुढे गेली म्हणून दुसरीसाठी आपोआप खुर्ची रिकामी होते, असं कुठल्याच ऑफिसात होत नाही.

ताईंना मैदान मिळालं ते हिवाळी अधिवेशनामुळे. बाहेरगावच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण नागपूरच्या कुठल्याही वृत्तपत्रात काम केलेला माणूस लगेच मान हलवेल. डिसेंबर लागला की सरकार नागपुरात येतं. मोर्चे, उपोषणं, आमदार निवास, रविभवन, विधानभवन, सगळीकडे माणसं लागतात. मग शिक्षणाचा वार्ताहर मोर्च्यावर जातो, क्राइमवाला विधान परिषदेत बसतो आणि क्रीडावाल्यालाही ‘चार दिवस मदत कर’ म्हणून ओढलं जातं. नेमका रणजीचा हंगामही तेव्हाच असतो. तेव्हा विदर्भाचे सामने सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर व्हायचे, ऑफिसपासून स्कूटीने दहा मिनिटांवर. एका डिसेंबरात पाठवायला कुणीच उरलं नाही, तेव्हा संपादक म्हणाले, “जा बाप्पा, ताई, तुम्हीच जा.”

याच मैदानावर ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकात चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली होती आणि सुनील गावसकरांनी एकदिवसीय कारकिर्दीतलं एकमेव शतक केलं होतं, ८८ चेंडूंत नाबाद १०३. डेस्कवरचे जुने लोक त्या दिवसाची गोष्ट न सांगता चहा पीत नसत. ताईंच्या वाट्याला आले ते रणजीचे रिकामे स्टँड, संत्री सोलत बसलेले चार पेन्शनर आणि दिवसभर चालणारी फिरकी. त्यांना ते आवडलं. दुपारी चारला खेळ संपायच्या बेताला बातमीची पहिली दोन वाक्यं वहीत तयार असत.

बाकीच्या अकरा महिन्यांत त्यांच्याकडे तीच कामं आली जी कुणाला नको होती. चिटणीस पार्कवरची कबड्डी, रेशीमबागेतला खो-खो, मानकापूरच्या क्रीडा संकुलातल्या शालेय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा, मुलींचं क्रिकेट, बुद्धिबळाच्या वयोगट स्पर्धा. क्रिकेटवाल्याला या बातम्या म्हणजे पान भरायचा चुरा वाटायच्या. ताईंनी मात्र प्रत्येक प्रशिक्षकाचा, पंचाचा, खेळाडूच्या बापाचा फोन नंबर डायरीत घेतला. बुद्धिबळात आणि बॅडमिंटनमध्ये नागपूरच्या मुली पुढे कुठे पोहोचल्या ते आज सगळ्यांना माहीत आहे. २०२५मध्ये दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ज्यांना ती काल उगवल्यासारखी वाटली, त्यांनी वयोगटाच्या स्पर्धा कधी पाहिल्याच नव्हत्या.

अडचण नेमकी कुठे होती

२००८मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट सिव्हिल लाइन्सवरून जामठ्याला गेलं. वर्धा रोडवर, शहरापासून सुमारे वीस किलोमीटर. ६ नोव्हेंबरला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सुरू झाली. सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी आणि जेसन क्रेझाची पहिली. क्रेझाने सामन्यात १२ बळी घेतले, तरी ऑस्ट्रेलिया १७२ धावांनी हरली. ताई दुसऱ्या वार्ताहर म्हणून पाचही दिवस गेल्या. कसोटी उजेडात संपते, त्यामुळे प्रश्न आला नाही.

प्रश्न आला पुढच्या वर्षी. २८ ऑक्टोबर २००९ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध दिवस-रात्रीचा सामना लागला. ताईंनी नाव दिलं. संपादकांचं उत्तर सहकाऱ्यांना जवळपास शब्दशः आठवतं: “रात्री बाराला वर्धा रोडनं तुम्ही कशा येणार ताई? काही झालं तर मी तुमच्या घरी काय सांगू?”

हा माणूस वाईट नव्हता, हे नीट लक्षात घ्यायला हवं. त्यानेच ताईंना कायम केलं होतं, त्यांच्या कॉपीचं, म्हणजे लिहिलेल्या बातमीचं, मीटिंगमध्ये कौतुकही केलं होतं. काळजी खरी होती. फक्त त्या काळजीवर ऑफिसचा एक रुपया खर्च होत नव्हता, तिची सगळी किंमत ताईंच्या कामातून वजा होत होती. दुसरी गोष्ट, जी त्या खोलीत कुणाच्याच डोक्यात आली नाही: त्यांच्याऐवजी जो वार्ताहर जायचा, तो सामना संपवून, कॉपी टाकून, ट्रकच्या रांगांतून स्कूटरवर एकटाच परत यायचा. त्याच्या घरी काय सांगायचं, हे कुणी विचारलं नव्हतं.

हे प्रकरण विद्यार्थ्यांपुढे मांडलं की पहिला हात हमखास एकाच प्रश्नासाठी वर येतो: “ड्रेसिंग रूमचं काय?” तो प्रश्न अमेरिकेतून आलेला आहे. तिथे सामन्यानंतर वार्ताहर खेळाडूंच्या लॉकर रूममध्ये जाऊन मुलाखती घेत. १९७७च्या बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये मेलिसा लड्‌के या वार्ताहराला तिथे मज्जाव झाला, तिच्या मासिकाच्या कंपनीने दावा लावला आणि १९७८मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. भारतीय क्रिकेटमध्ये ही अडचण मुळातच नाही, कारण ड्रेसिंग रूममध्ये पुरुष वार्ताहरालाही कुणी जाऊ देत नाही. मुलाखत पत्रकार परिषदेच्या खोलीत होते. कबड्डी-खो-खोत तर मॅटच्या कडेला उभ्याउभ्याच. आपल्याकडची बाई अडते ती तालुक्याच्या मैदानावर स्वच्छतागृह नसल्याने, आणि रात्री परतीची सोय नसल्याने.

वेळेचं गणितही याच अडचणीत गुंतलेलं होतं. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडे जाणारी डाक आवृत्ती रात्री लवकर सुटायची, शहर आवृत्ती मध्यरात्रीनंतर. दिवस-रात्रीचा सामना नेमका या दोन्हींच्या मध्ये संपतो. मैदानावर बसलेल्याला दोनदा कॉपी द्यावी लागते, एकदा सामना अर्धवट असताना आणि एकदा निकालानंतर. जो मध्येच निघाला त्याला दुसरी कॉपी देताच येत नाही. म्हणून ‘तुम्ही आठ वाजता निघून या’ ही सवलत दिसायला बरी, पण त्यातून निम्मीच बातमी हाती येत होती.

२८ ऑक्टोबरला ताई डेस्कवरच राहिल्या. धोनीने १२४ धावा काढल्या, भारताने ९९ धावांनी सामना जिंकला आणि ताईंनी दुसऱ्याच्या कॉपीला मथळा दिला. “मथळा चांगला झाला होता,” त्या म्हणतात.

समोर असलेले पर्याय

पुढच्या काही आठवड्यांत ताईंपुढे जे मार्ग आले, त्यांतला सगळ्यात गोड मार्ग संपादकांनीच ठेवला. महिला पुरवणीची प्रमुख व्हा. पगारवाढ, स्वतंत्र केबिन, संध्याकाळी सहाला घरी. ही लाच नव्हती, त्यांच्या मते बढतीच होती. घरच्यांनाही ती हवी होती. ताईंनी दोन दिवस मागून घेतले. नकाराचं कारण विचारलं तर त्या तत्त्वाचं काही बोलत नाहीत. “पाककृती तपासायला मला धावफलकापेक्षा जास्त वेळ लागला असता,” एवढंच.

दुसरा मार्ग फक्त दिवसाचे सामने करण्याचा होता. कसोटी, रणजी, शालेय स्पर्धा. हा पर्याय फसवा आहे आणि आजही अनेक मुली तो आनंदाने घेतात. त्या काळात पहिल्या पानावर जायचं ते एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी क्रिकेट, आणि दोन्ही रात्रीची. रात्र सोडली की माणूस कायमचा दुसऱ्या नंबरचा वार्ताहर होतो, तेही स्वतःच्या सहीने.

फोटोग्राफर म्हणाला, “माझ्या गाडीवर चला ना ताई, भाऊ समजा.” त्याच्या मनात काही नव्हतं, हे ताईही मान्य करतात. पण फोटोग्राफर पहिल्या डावानंतर निघायचे. शिवाय उपकाराची सोय उपकार करणाऱ्याच्या वेळेवर चालते. तो आजारी पडला, सुट्टीवर गेला, की पुन्हा तोच प्रश्न.

स्वतःच्या स्कूटीने यायची ताईंची तयारी होती. खरं तर त्यांना तेच हवं होतं. आईने नाही म्हटलं नाही, पण त्या विषयावर घरात बोलणंच बंद झालं. आणि वर्धा रोडवरचे ट्रक पाहता तो पर्याय शहाणपणाचा होता असं मला वाटत नाही, बाईसाठीही नाही आणि पुरुषासाठीही नाही.

कायद्याचा आधार घ्यावा का, हेही त्यांनी एका वकील मैत्रिणीला विचारलं. १९९७चा विशाखा निकाल लैंगिक छळाबद्दल होता आणि इथे छळ नव्हता. श्रमिक पत्रकारांसाठीचा तेव्हा लागू असलेला १९५५चा कायदा कामाचे तास बांधत होता, चार आठवड्यांत १४४. घरी पोहोचवायचं कलम त्यात नव्हतं. मैत्रीण म्हणाली, तक्रारीने तुला फाइल मिळेल, मॅच नाही मिळणार. तो विषय तिथेच संपला.

काय केलं

वळण मिळालं ते हिशेब विभागात. सामन्याच्या दिवशी ऑफिस फोटोग्राफरसाठी भाड्याची गाडी आधीपासूनच करत होतं. ती पहिला डाव संपला की फोटो घेऊन रिकामी परत यायची. का? कारण त्यानंतर ड्रायव्हर थांबला तर हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचं वेगळं भाडं, लागतं. ताईंनी लेखापालाकडून मागच्या सामन्यांची व्हाउचर पाहायला मागितली. म्हणजे ‘बाईची सुरक्षितता’ या मोठ्या नावाखाली इतके आठवडे जो प्रश्न चर्चेत होता, तो कागदावर काही तासांच्या हॉल्टिंगचा निघाला. क्रीडा पानावरच्या एका चौकोनी जाहिरातीच्या उत्पन्नात ते बसत होतं.

त्यांनी एक पानी टिपण लिहिलं. त्यात भावनेचा शब्द नव्हता. गाडी सामना संपेपर्यंत थांबेल. फोटोग्राफर पहिल्या डावाचे फोटो मैदानावरून डेटा कार्डने पाठवेल, त्यामुळे त्यालाही बक्षीस समारंभापर्यंत राहता येईल. मुख्य वार्ताहर, फोटोग्राफर आणि ताई एकाच गाडीने परततील. आधी ताईंना घरी सोडायचं, मग ऑफिस. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की यात शहर आवृत्तीला सामन्यानंतरचा एक स्वतंत्र मजकूर जास्त मिळेल, जो आज मिळत नाही.

हे टिपण घेऊन त्या आधी संपादकांकडे गेल्या नाहीत. आधी फोटोग्राफरकडे गेल्या, मग मुख्य क्रीडा वार्ताहराकडे. त्याला स्कूटर चालवायची नव्हतीच. “मला कोणी विचारलंच नव्हतं ना, गाडी पाहिजे का म्हणून,” तो म्हणाला. तिघांच्या सह्या झाल्या. संपादकांच्या टेबलावर कागद पोहोचला तेव्हा ती बाईची मागणी राहिली नव्हती, तीन माणसांची सोय झाली होती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात हुशार चाल ही. संपादकांची आठवण वेगळी आहे. ते म्हणतात, गाडीची कल्पना आपलीच होती. असेलही. कागदावर सह्या तीनच आहेत.

मंजुरी मिळाली तोंडी, आणि ‘या एका सामन्यापुरती’.

तो सामना होता १८ डिसेंबर २००९चा, श्रीलंकेविरुद्ध. भारताने ३०१ केल्या, धोनीचं शतक. दिलशानने १२३ काढून श्रीलंकेला तीन गडी राखून जिंकून दिलं. भारताची षटकं इतकी सावकाश पडत होती की सामना ठरलेल्या वेळेच्या बराच पुढे गेला. डाक आवृत्ती अपुऱ्या धावफलकावर सोडावी लागली. पूर्वीच्या व्यवस्थेत ताई तेव्हा घरी असत्या. त्या प्रेस बॉक्समध्ये घड्याळ आणि षटकं शेजारी-शेजारी लिहीत होत्या, वडिलांच्या वहीसारख्या. मुख्य वार्ताहराने सामना लिहिला, ताईंनी शहर आवृत्तीसाठी षटकांच्या गतीवर एक छोटी चौकट दिली. त्याच कारणावरून पुढे धोनीवर दोन सामन्यांची बंदी आली आणि ती चौकट एकदम दूरदृष्टीची वाटू लागली. ताईंच्या मते ती फक्त शेवटपर्यंत थांबण्याची बातमी होती.

पुढे काय झालं

एका सामन्यापुरती गाडी मग दर सामन्याला थांबू लागली. कुणी नियम केला नाही, सवय झाली. ‘क्रीडा प्रतिनिधी’च्या जागी ताईंचं नाव छापून यायला मात्र आणखी एक वर्ष लागलं. वाचक बाईच्या नावाखालचं क्रिकेट गंभीरपणे घेतील का, ही धाकधूक होती. नाव छापल्यावर आलेलं पहिलं पत्र रामदासपेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांचं. त्यांनी एका गोलंदाजाच्या निर्धाव षटकांचा आकडा दुरुस्त करून पाठवला होता, बाकी एक अक्षर नाही.

१२ मार्च २०११च्या विश्वचषक सामन्याची मुख्य बातमी ताईंनी लिहिली. सचिनचं शतक, १ बाद २६७ वरून सर्वबाद २९६, डेल स्टेनचे पाच बळी, आणि शेवटच्या षटकात नेहराला फटकावून दक्षिण आफ्रिकेने जिंकलेला सामना. बहुतेकांनी दुसऱ्या दिवशी नेहराला झोडपलं. ताईंची पहिली ओळ पराभवाला भारताच्या फलंदाजीकडे घेऊन गेली: २९ धावांत गेलेले नऊ गडी.

त्याच विश्वचषकाआधी एका मराठी वृत्तवाहिनीने त्यांना बोलावलं होतं. पगार जवळपास दुप्पट, मुंबईत राहणं. काम काय, तर मैदानाबाहेर तिरंगा रंगवलेल्या चेहऱ्यांशी गप्पा. खेळाचं विश्लेषण स्टुडिओत बसलेला माजी खेळाडू करणार. २००३च्या विश्वचषकात मंदिरा बेदी पडद्यावर आल्यापासून वाहिन्यांनी हा साचा पक्का केला होता: बाई उत्साह आणणार, पुरुष अर्थ सांगणार. मंदिरा बेदींनी स्वतः तो साचा मागितला होता असं नाही, पण पुढच्या प्रत्येकीला तोच दाखवला गेला.

ताईंनी नकार दिला. इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. जाऊन सहा महिने गर्दीत माइक धरला असता, तर कॅमेऱ्याचं तंत्र हाती आलं असतं, आणि त्यांच्यासारखी बाई कायम दाराबाहेर राहिली नसती. त्यांचं उत्तर असं, की दाराबाहेर उभं राहून आत कसं जायचं हे एकदा शिकायला आठ वर्षं गेली होती, पुन्हा तेच शिकायची हौस नव्हती. दोन्ही बाजूंना वजन आहे. विद्यार्थ्यांनी इथे थांबून स्वतःचं उत्तर लिहावं.

प्रसारणात त्या आल्या ते रेडिओवरून, आणि क्रिकेटवरून नाही तर खो-खोवरून. मराठीत धावतं समालोचन करणारं कुणीतरी हवं होतं आणि या खेळाला बोलणारा माणूस सहज मिळत नाही. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घेता येतो. खो-खोत नऊ मिनिटं पळतीचा खेळ चालतो, खो वर खो बसत जातात, तीन संरक्षकांची तुकडी आत येते, एक बाद होतो, दुसरा खांबाजवळ हूल देतो, आणि बोलणाऱ्याने आडनाव उच्चारेपर्यंत तो खेळाडू दुसऱ्या टोकाला असतो. ताईंनी आडनावं सोडून आधी मैदानाची जागा सांगायची पद्धत बसवली: कुठल्या खांबाकडे, कुठल्या बाजूने, मग कोण. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी मैदान उभं राहिलं पाहिजे, खेळाडू मागाहून येतो.

आवाजाची तक्रार अपेक्षेप्रमाणे आलीच. बाईचा आवाज चढला की कानाला लागतो म्हणे. त्यांनी वाद घातला नाही, माइकपासूनचं अंतर बदललं आणि गडी बाद होतो त्या क्षणी आवाज चढवण्याऐवजी वाक्य तोडायला सुरुवात केली. “बाद.” मग अर्धा सेकंद गप्प. प्रेक्षकांचा गलका आपोआप ऐकू येतो. पुढे काही पुरुष समालोचकांनीही ही लकब घेतली.

२०१४मध्ये त्यांनी नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केलं. विदर्भाने १ जानेवारी २०१८ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, त्या सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली. तेव्हा देशभरच्या इंग्रजी पत्रकारांना एकाएकी विदर्भाच्या खेळाडूंबद्दल कुणाला तरी विचारायचं होतं, आणि डायरी ताईंकडे होती. त्या आठवड्यात, त्या सांगतात, फोन चार्जरला लावूनच बोलावं लागलं.

काय वेगळं करता आलं असतं

या प्रकरणातला कच्चा दुवा म्हणजे ती तोंडी मंजुरी. गाडी ताईंसाठी थांबत होती. क्रीडा वार्ताहरासाठी ती थांबेल असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ताई गेल्यावर वर्षभराने एक नवी मुलगी क्रीडा पानावर आली. पहिलाच रात्रीचा सामना लागला आणि तिला सांगितलं गेलं, “ताईंची गोष्ट वेगळी होती.” मधल्या काळात संपादक बदलले होते, फोटोग्राफर स्वतःच्या कारने जाऊ लागला होता आणि ते एक पानी टिपण कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये होतं.

लड्‌के यांच्या खटल्याशी तुलना इथे कामाची आहे. तिथे न्यायालयाने प्रथा रद्द केली, म्हणून मागून येणाऱ्या प्रत्येकीला तो निकाल वापरता आला. नागपुरात एका व्यक्तीची अडचण सुटली. ताईंना हे मान्य आहे. आज तेच टिपण लिहिलं तर त्या स्वतःचा उल्लेख काढून ‘रात्री नऊनंतर मैदानावर असलेला प्रत्येक कर्मचारी’ असं लिहितील आणि मंजुरी लेखी मागतील. संपादकांना विचारलं तर ते म्हणतात, तेव्हा लेखी मागितलं असतं तर व्यवस्थापनाने नक्की नाही म्हटलं असतं. हेही खरं असू शकतं. म्हणून मला वाटतं पहिला सामना तोंडी परवानगीवर करणं बरोबरच होतं. चूक झाली ती दुसऱ्या, तिसऱ्या सामन्यानंतर, जेव्हा खर्चाचे आकडे हातात होते, कुणाचा विरोध उरला नव्हता, आणि तरी कुणी कागद पुढे सरकवला नाही.

दुसरी जागा डायरीची. कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ, मुलींचं क्रिकेट या विषयांवर ताईंनी जे संपर्क जमवले ते ऑफिसने कधी ऑफिसचे मानलेच नाहीत, कारण त्या बातम्यांनाच किंमत नव्हती. त्या गेल्या तशी ती माहितीही गेली. नव्या मुलीला मानकापूरच्या प्रशिक्षकांपासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

नव्या मुलीचं पुढे असं झालं. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७च्या कायद्याने रात्री साडेनऊनंतर महिलांना काम देताना त्यांची संमती घेणं आणि आस्थापनेतून घराच्या दारापर्यंत पोहोचवणं ही मालकाची जबाबदारी ठरवली. दैनिकाच्या मनुष्यबळ विभागाने त्यावर लगेच परिपत्रक काढलं: रात्रपाळीच्या महिला कर्मचाऱ्यांना कार्यालयापासून घरापर्यंत वाहन मिळेल. मुलीने ते वाचलं आणि ताईंना फोन केला. सामना जामठ्यावर, गाडी कार्यालयापासून. म्हणजे घरी जायची गाडी मिळवण्यासाठी आधी वीस किलोमीटर स्वतःच्या हिमतीवर शहरात यायचं?

ताईंनी तिला आधी फोटोग्राफरकडे जायला सांगितलं, मग लेखापालाकडे. परिपत्रकात ‘कार्यालयापासून’च्या जागी ‘कामाच्या ठिकाणापासून’ ही दुरुस्ती तिने लेखी मागितली. अर्जावर पाच सह्या होत्या, त्यांतल्या तीन पुरुषांच्या. दुरुस्ती पुढच्या परिपत्रकात आली.